मटणावरचा शिक्का कुणासाठी?

रविवारी सकाळी आपल्या वस्तीतल्या कोणत्याही मटणाच्या दुकानासमोर थोडा वेळ उभे राहून पाहावे. रात्रपाळी करून आलेला कामगार, चार घरची धुणीभांडी उरकून आलेली बाई, आईने पैसे मोजून हातात दिलेला शाळकरी पोरगा अशी सारी मंडळी रांगेत असतात. भाव विचारला जातो. हाड कमी घाला, चरबी नको, असे बजावले जाते. तराजूच्या काट्यावर सगळ्यांची नजर असते. पण हे जनावर कुठे कापले, कापण्याआधी ते कुणी तपासले आणि तपासल्याचा शिक्का कुठे आहे, हे तीन प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. पन्नास ग्रॅम कमी भरले तर भांडायला उठणारे आपण लोक, या प्रश्नांच्या वेळी मात्र मुकाट्याने पिशवी पुढे करतो.

वाचक बंधू-भगिनींनो, या प्रश्नांची उत्तरे देण्यासाठीच कायद्याने काही अधिकारी नेमले आहेत. त्यांचे पगार आपल्या करातून निघतात. त्यांना कत्तलखान्यात शिरण्याचा, जनावर पाहण्याचा, मांस बाद करण्याचा, नमुना घेण्याचा आणि वेळ पडल्यास धंदा थांबवण्याचा अधिकार आहे. आम्ही काही कायद्याचे पंडित नाही, साधे कारकून आहोत. पण वस्तीतल्या लोकांचे अर्ज लिहिता लिहिता हे कायदे वाचावे लागले. जे समजले ते साध्या भाषेत इथे मांडत आहोत.

अधिकार आला कुठून?

कायद्याची सुरुवात संविधानापासून करू. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मसुदा तयार झालेल्या आपल्या संविधानात समवर्ती सूचीची अठरावी नोंद अन्नपदार्थांतील भेसळीविषयी आहे. म्हणजे गरिबाच्या ताटात काय पडते यावर केंद्र आणि राज्य या दोघांनाही कायदा करता येतो. पुढे १९९२ साली ७४ वी घटनादुरुस्ती झाली आणि १ जून १९९३ पासून ती अमलात आली. तिने संविधानाला बारावी अनुसूची जोडली. राज्याने नगरपालिका व महानगरपालिकांकडे सोपवायच्या अठरा विषयांची ती यादी आहे. त्यातला अगदी शेवटचा, अठरावा विषय म्हणजे कत्तलखाने आणि कातडी कमावण्याचे कारखाने यांचे नियमन. म्हणून आपल्या नगरसेवकाने 'हे आमच्या हातात नाही' असे सांगितले, तर त्याला ही अनुसूची दाखवावी.

पालिकांचा अधिकार याहून कितीतरी जुना आहे. मुंबईचा महापालिका कायदा १८८८ सालचा आणि इतर महानगरपालिकांचा १९४९ सालचा. या कायद्यांनुसार कत्तलखाना पालिकेने बांधायचा किंवा त्याला परवाना द्यायचा, मांस विकणाऱ्याने पालिकेचा परवाना घ्यायचा, आणि बेकायदा कत्तल किंवा मांसविक्री होत असल्याचा संशय आला तर आयुक्तांनी त्या जागेत शिरून तपासणी करायची, अशी व्यवस्था आहे. विक्रीला मांडलेले अन्न खाण्यास अयोग्य दिसले तर ते जप्त करून नष्ट करण्याचाही अधिकार आहे. मुंबईचा देवनार कत्तलखाना १९७१ साली सुरू झाला, तो महापालिकेच्याच अखत्यारीत. आयुक्त स्वतः काही मटणाच्या दुकानात येत नाहीत. त्यांच्या वतीने पशुवैद्यकीय अधिकारी आणि आरोग्य खात्याचे निरीक्षक हे काम करतात.

दुसरा दरवाजा अन्न व औषध प्रशासनाचा. पूर्वी १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता आणि त्याचा फूड इन्स्पेक्टर सगळ्यांना माहीत होता. त्या जागी २००६ चा अन्न सुरक्षा व मानके कायदा आला आणि ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाला. आता त्या इन्स्पेक्टरला अन्न सुरक्षा अधिकारी म्हणतात आणि त्याच्यावर पदनिर्देशित अधिकारी असतो. मांस हेही अन्नच असल्यामुळे कत्तलखाना, मटणाचे दुकान, शीतगृह, खिम्याची गाडी या सगळ्या ठिकाणी त्याला प्रवेश आहे.

छोट्या धंद्यालाही यातून सूट नाही. २०११ च्या नियमावलीनुसार दिवसाला दोन मोठी जनावरे, दहा शेळ्यामेंढ्या किंवा पन्नास कोंबड्या यांपर्यंत कापणाऱ्या लहान धंदेवाल्याला मोठ्या परवान्याऐवजी फक्त नोंदणी करावी लागते. पण ती करावीच लागते. कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याच्या भिंतीवर नोंदणीचा कागद आहे की नाही, एवढे तरी आपल्याला पाहता येते.

जनावर उभे असताना आणि कापल्यावर

तपासणी दोनदा व्हायची असते. पहिली जनावर जिवंत, चार पायांवर उभे असताना. तिला वधपूर्व तपासणी म्हणतात. दुसरी कापल्यानंतर आतले अवयव पाहून होते, ती वधोत्तर तपासणी. या दोन्हींतून पार पडलेल्या मांसावर शिक्का बसतो. शिक्का म्हणजे काही सजावट नव्हे, ती एका जबाबदार अधिकाऱ्याची सही आहे.

याविषयी २००१ साली केंद्र सरकारने कत्तलखान्यांचे नियम केले. दिवसाला दहा किंवा अधिक जनावरे कापणाऱ्या कत्तलखान्यांना ते लागू आहेत. त्यांत म्हटले आहे की, गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिलू, तीन महिन्यांच्या आतले पिलू असलेली मादी, आणि पशुवैद्याने योग्य असल्याचा दाखला न दिलेले जनावर कापता येणार नाही. तपासणीनंतर जनावराला चोवीस तास विश्रांती द्यायची. एका जनावरासमोर दुसरे कापायचे नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे एका पशुवैद्याने तासाला बारापेक्षा जास्त आणि दिवसाला शहाण्णवपेक्षा जास्त जनावरे तपासायची नाहीत.

आम्ही बी.कॉम. झालेले, त्यामुळे आकडा दिसला की बेरीज-भागाकार केल्याशिवाय राहवत नाही. तासाला बारा म्हणजे एका जनावराला पाच मिनिटे. दिवसाला शहाण्णव म्हणजे पूर्ण आठ तासांची पाळी. आता एखाद्या शहरात रोज तीनशे बकरे कापले जात असतील, तर तिथे निदान चार पशुवैद्य हवेत. एकच असेल तर त्याने एक तर नियम मोडला, नाहीतर जनावरे न पाहताच सही केली. याहून तिसरा मार्ग नाही. म्हणून आपल्या शहरात कत्तलखाना किती मोठा आहे याची फुशारकी ऐकण्यापेक्षा तिथे पशुवैद्य किती आहेत, हे विचारावे. खरी गोष्ट त्या एका आकड्यात कळते.

तपासतात तरी काय?

काही लोक म्हणतात, आम्ही पिढ्यान्पिढ्या खातो, काही झाले नाही. वाचकहो, काय झाले याची नोंद ठेवणाराच कुणी नव्हता, म्हणून तसे वाटते.

काळपुळी म्हणजे अँथ्रॅक्स. गुरे, शेळ्या, मेंढ्या यांना होणारा हा रोग जनावर सोलणाऱ्याच्या हाताच्या जखमेतून माणसाला होतो. मांस खाऊनही होतो. या रोगाचे जंतू मातीत वर्षानुवर्षे टिकून राहतात. म्हणून असा संशय असलेले मेलेले जनावर फाडूसुद्धा नये, असे पशुवैद्य सांगतात. जिवंतपणी तपासणी झाली तर ताप असलेले, नाकातोंडातून रक्त येणारे जनावर तिथेच बाजूला काढता येते.

क्षयरोग जनावरांनाही होतो. त्याच्या गाठी फुप्फुसात आणि अवधाणाच्या ग्रंथींत दिसतात. त्या पाहायच्या तर अवयव चिरून पाहावे लागतात, नुसते लांबून पाहून कळत नाहीत. मेंढीच्या कलेजीत चपटे कृमी सापडतात, ती कलेजी बाद करायची असते. आपल्या घरात वजडी, कलेजी, मुंडी, पाया जास्त येतात, कारण ते स्वस्त पडतात. आणि नेमक्या याच अवयवांची तपासणी सगळ्यात काळजीने व्हायला हवी. म्हणजे तपासणी चुकली तर तिची किंमत गरिबाचे घर मोजते.

डुकराच्या मांसात कधी कधी भिजलेल्या साबुदाण्यासारख्या पांढुरक्या पुटकुळ्या दिसतात. त्या पट्टकृमीच्या असतात. असे मांस कच्चे-पक्के खाल्ले तर माणसाच्या आतड्यात पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी शौचावाटे बाहेर पडतात आणि न धुतलेल्या हातातून, भाजीतून, पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातात. त्यांतून मेंदूत पुटी झाल्या की फिट येते. ज्याने डुकराचे मांस कधी तोंडात घातले नाही त्यालाही ती येऊ शकते. फिटला भूतबाधा समजून अंगारे-धुपारे करणाऱ्या आयाबहिणींनी हे ध्यानात ठेवावे. औषध दवाखान्यात आहे आणि रोगाचे मूळ उघड्यावरच्या शौचात व न तपासलेल्या मांसात आहे.

अवयव कुठे फेकले जातात हेही तपासणीतच येते. मेंढीच्या फुप्फुसातल्या किंवा कलेजीतल्या पाण्याच्या गाठी कुत्र्याने खाल्ल्या की त्याच्या पोटात कृमी होतात आणि त्यांची अंडी कुत्र्याशी खेळणाऱ्या पोरांच्या हाताला लागतात. पुढे माणसाच्या कलेजीत तशाच गाठी होतात. कत्तलखान्यामागे कुत्र्यांचे कळप पोसले जात असतील तर तो प्रश्न मटण न खाणाऱ्यांचाही आहे.

महाडची आठवण

मांस खाण्यालायक आहे का, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी परिषद भरली, तिच्यात बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेल्या ढोराचे मांस सोडण्याचे आवाहन केले. त्या आवाहनामागे मुख्य प्रश्न स्वाभिमानाचा होता. गावाने टाकून दिलेले आम्ही खाणार नाही, असे ते सांगणे होते. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकले आणि उपाशी राहून पाळले.

त्याच सांगण्याचा एक अर्थ आरोग्याचाही आहे. जे जनावर कशाने मेले हे कुणाला ठाऊक नाही, ते माणसाने का खावे? आजचा कायदा तेच म्हणतो. दाखला नसलेले जनावर कापू नका. पण बाजारात आजारी, मरायला टेकलेले जनावर स्वस्तात घेऊन त्याचे मांस गरीब वस्तीत खपवले गेले, तर टाकलेलेच पुन्हा आपल्या ताटात आले की नाही? फरक एवढाच की आता आपण त्याचे पैसे मोजतो.

अधिकाऱ्यावरही बंधने आहेत

अधिकार म्हटला की त्याचा गैरवापर आलाच. त्यामुळे खाटीक बांधवांनी आणि गिऱ्हाइकांनीही अधिकाऱ्यावरची बंधने समजून घ्यावीत.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याने नमुना घेतला तर त्याची बाजारभावाने किंमत द्यायची असते. फुकट पिशवी भरून नेणे म्हणजे नमुना घेणे नव्हे. नमुना घेताना लेखी नोटीस द्यायची, साक्षीदार बोलवायचे, नमुन्याचे चार भाग करून सील करायचे. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे राहतात आणि धंदेवाल्याने मागणी केली तर चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा. त्यावर अपील करता येते.

किरकोळ त्रुटी असेल तर आधी सुधारणा नोटीस द्यायची आणि सुधारण्यासाठी किमान चौदा दिवस द्यायचे. तरीही सुधारणा झाली नाही तर परवाना निलंबित होतो, पुढे रद्दही होतो. लोकांच्या आरोग्याला तातडीचा धोका असेल तर मात्र धंदा ताबडतोब बंद करण्याची वेगळी तरतूद आहे. आणि एखाद्या अधिकाऱ्याने विनाकारण, त्रास देण्याच्या हेतूने माल जप्त केला तर त्यालाच एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मात्र अधिकाऱ्याविरुद्ध खोटी तक्रार करणाऱ्यालाही दंड आहे, हेही सांगून ठेवतो.

आम्ही एका पालिकेकडे माहितीच्या अधिकारात तीन गोष्टी मागितल्या होत्या. त्या पालिकेचे नाव इथे लिहीत नाही. पशुवैद्यकीय अधिकारी किती, वधपूर्व तपासणीची नोंदवही कुठे आणि वर्षभरातल्या दंडाच्या पावत्या किती, एवढेच विचारले. उत्तर आले ते असे. पद रिक्त, दुसऱ्या अधिकाऱ्याकडे अतिरिक्त कार्यभार. नोंदवही 'आढळून येत नाही'. दंडाच्या पावत्या मात्र क्रमांकानुसार व्यवस्थित लावलेल्या होत्या. कागद वाचायची सवय असलेल्या माणसाला यातून सगळे समजते. तपासणी होत नव्हती, वसुली होत होती. ज्या शहरात पालिकेने कत्तलखानाच धड चालवलेला नाही तिथे गटारावर बकरा कापल्याबद्दल एकट्या खाटकाला दंड करणे म्हणजे न्याय नव्हे. २०१७ साली उत्तर प्रदेशात बेकायदा म्हणून कत्तलखाने व दुकाने धडाधड बंद केली गेली, तेव्हा अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने परवान्यांचा प्रश्न सरकारला टाळता येणार नाही, असे बजावले होते. ते आपल्याकडेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दोन प्रश्नांची गल्लत नको

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिली पाहिजे. मांस कोणत्या जनावराचे आहे हा एक प्रश्न आणि मांस खाण्यास सुरक्षित आहे का हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी राज्यात १९७६ चा प्राणी संरक्षण कायदा आहे आणि मार्च २०१५ पासून त्यातली कडक दुरुस्ती लागू आहे. परराज्यात कायदेशीर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले. त्या कायद्याखाली तपास करायचा तो पोलिसांनी किंवा सरकारने रीतसर अधिकार दिलेल्या माणसाने.

पहिल्या प्रश्नावर टेम्पो अडवणारे, पिशव्या उघडून पाहणारे, मारहाण करणारे टोळके रस्त्यावर दिसते. दुसऱ्या प्रश्नासाठी पहाटे चार वाजता कत्तलखान्यात जाऊन बसणारा पशुवैद्य मात्र दिसत नाही. टोळक्याला कोणत्याही कायद्याने कुणाची पिशवी उघडण्याचा अधिकार दिलेला नाही. तो अधिकार ओळखपत्र बाळगणाऱ्या, नोटीस देणाऱ्या, उत्तरदायी अधिकाऱ्याचाच. म्हणून अधिकाऱ्याने तपासणी करावी अशी मागणी आपण करतो तेव्हा ती गुंडगिरीच्या विरुद्धचीच मागणी असते. जिथे कायद्याचा माणूस जात नाही तिथे बिनकायद्याची माणसे घुसतात.

आपण काय करावे?

दुकानात गेल्यावर परवाना किंवा नोंदणीचा कागद भिंतीवर आहे का ते पाहावे. आख्ख्या लटकवलेल्या मटणावर शिक्का दाखवायला सांगावे. भांडायचे कारण नाही. प्रामाणिक खाटीक अभिमानाने दाखवतो. माश्या, उघडे गटार, गंजलेला सुरा, वास येणारी वजडी दिसली तर घेऊ नये.

घरी आणल्यावर मटण धुऊन लगेच शिजवावे, पूर्ण शिजवावे. डुकराचे मांस आतपर्यंत गुलाबी राहता कामा नये. कच्चे मांस चिरलेल्या विळीवर लगेच कोथिंबीर-कांदा चिरू नये. आधी विळी साबणाने धुवावी.

शंका आली तर गिऱ्हाइकाला स्वतःही अन्न तपासून घेता येते. विकत घेतानाच दुकानदाराला तसे सांगायचे, फी भरून नमुना अन्न विश्लेषकाकडे द्यायचा, चौदा दिवसांत अहवाल मिळतो. अन्न दोषी निघाले तर फी परत मिळते. असुरक्षित अन्नाने कुणाचा मृत्यू झाला तर वारसांना किमान पाच लाख रुपये भरपाईची तरतूद आहे. त्यासाठी दवाखान्याचे कागद जपून ठेवावेत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे, लेखी विचारावे. साध्या कागदावर, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पालिकेच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत उत्तर दिले पाहिजे. नोंदवही प्रत्यक्ष पाहण्याचाही हक्क या कायद्यात आहे. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. आवक क्रमांक पडलेला कागद सहसा कुणाला सहज गिळता येत नाही, हे आम्ही टेबलाच्या आतल्या बाजूने सांगत आहोत.

कत्तलखान्यात राबणारे, आतडी धुणारे, रक्त-मल उपसणारे हात पुष्कळदा आपल्याच वस्त्यांतले असतात. त्यांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी व्हावी, हा नियम २०११ च्या नियमावलीत आहे. हत्यारे निर्जंतुक करायला ८२ अंश सेल्सिअसचे गरम पाणी हवे, तेही या धंद्याचे साधे प्रमाण आहे. अर्जात या दोन ओळी विसरू नका.

महिला मंडळांनी, बुद्धविहारात दर रविवारी जमणाऱ्या तरुणांनी या महिन्यात आपापल्या पालिकेला एकच प्रश्न लेखी विचारावा, की आमच्या शहरात रोज किती जनावरे कापली जातात आणि ती तपासायला किती पशुवैद्य आहेत? आलेल्या उत्तराला शहाण्णवने भागून पाहावे. भागाकार जमला नाही तर नगरसेवकाला बोलावून त्याच्याकडून करून घ्यावा.

जयभीम!